उतारावर शर्यत नको, वेळ फक्त चढाची मोजा : रत्नागिरी ते गणपतीपुळे राईड (ब्रेक, गंज, टायर याबद्दलही इथेच बोला)

सडा_ते_खाडी :
मंडळी, दिवाळीनंतरच्या सागरी राईडचं बोलणं परत सुरू झालंय म्हणून धागा काढतोय. मार्ग गेल्या वर्षीचाच, शिरगाव, बसणी, आरे, वारे, नेवरे करत गणपतीपुळे. अंतर २५ किलोमीटरच्या आसपास, पण ज्यांनी केलंय त्यांना माहितीय की हा सपाट रस्ता नाही, समुद्राकाठचा रस्ता म्हटल्यावर बाहेरून येणाऱ्यांना वाटतं आरामात जाऊ, आणि इथे खाडी आली की खाली उतरा, पूल ओलांडा, परत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढा, परत उतरा, असंच चालू राहतं. रेवसपासून रेडीपर्यंत सगळ्या सागरी मार्गाची हीच गत आहे.

माझं म्हणणं एकच आहे. या वर्षी उतारावर वेळ मोजायची नाही. फक्त चढ मोजायचे.

गेल्या वर्षी मी एका उताराच्या वळणावर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होतो. दोघंजण एकामागे एक आले, उजवं वळण होतं, ते कापायला दोघंही पार उजवीकडे गेले, आणि समोरून रिक्षा आली. रिक्षावाल्याने गाडी डावीकडे दाबली, चाक साईडपट्टीवरून खाली उतरलं, रिक्षा एका बाजूला कलली, आत एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती, तिने एका हाताने वरचा दांडा आणि दुसऱ्या हाताने पोराला धरलं. सायकलवाले थांबले नाहीत. कुणाला लागलं नाही हे नशीब. आणि त्यातला एक पहिल्या तिघांत आला, त्याला बक्षीस मिळालं. त्या बक्षिसात रिक्षावाल्याने दाबलेला ब्रेकसुद्धा होता असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

तुमची मतं सांगा, विरोध असेल तर तोही मोकळेपणाने सांगा.

तिठा :
दादा, पूर्ण सहमत. ज्यांनी बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड केलीय त्यांना ही कल्पना नवीन वाटणार नाही. तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०, वेळेत आलात की झालं, पहिला दुसरा असा नंबरच नसतो. आणि कंट्रोलला, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी उशिरा पोचलेलं जसं चालत नाही तसं फार लवकर पोचलेलंही चालत नाही, २०० किलोमीटर पाच तास त्रेपन्न मिनिटांच्या आत संपवता येत नाही. म्हणजे वेगाला वरूनसुद्धा मर्यादा आहे. आपण उतारापुरती अशी किमान वेळ ठेवू शकतो, समजा ३ किलोमीटरच्या उताराला कमीत कमी ६ मिनिटं.

पुण्याहून_कोकणात :
मला हे पटत नाहीये, स्पष्टच लिहितो. उतरणं हे कौशल्य आहे. वळणाच्या आधी ब्रेक कुठे सोडायचा, वजन कुठल्या पेडलवर टाकायचं, नजर कुठे ठेवायची हे शिकायला वर्षं जातात. जगातल्या मोठ्या शर्यतींत उतार असतात, तिथे सहसा कुणी घड्याळ बंद करत नाही. दोघांनी चूक केली तर त्या दोघांना बाद करा, सगळ्यांचं कौशल्य कशाला काढून घ्यायचं? आणि किमान वेळेचं म्हणाल तर लोक सुसाट खाली येतील आणि रेषेच्या आधी ५० मीटरवर थांबून घड्याळ बघत बसतील. धोका तेवढाच राहिला की.

सडा_ते_खाडी :
किमान वेळेबद्दलचा तुमचा मुद्दा बरोबर आहे, तो मान्य. पण मोठ्या शर्यतींत रस्ता बंद असतो, समोरून एसटी येत नाही, वळणावर शिट्टी घेतलेला माणूस असतो, मागे डॉक्टरची गाडी असते. आणि एवढं असूनही २०२३ च्या जूनमध्ये स्वित्झर्लंडच्या टूर डी स्विस शर्यतीत आल्बुला घाट उतरताना गिनो मेडर हा रायडर दरीत पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. २६ वर्षांचा होता, त्याच देशातला, आयुष्य घाटात सायकल चालवण्यात गेलेलं. उताराच्या टोकाला फिनिश ठेवायचीच कशाला हा प्रश्न तेव्हा तिथल्या रायडरनीच विचारला. यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेनेसुद्धा २०२१ च्या एप्रिलपासून उतारावर सीट सोडून पुढच्या दांड्यावर बसायची पद्धत बंद केलीय. म्हणजे तेही उताराला हात लावतायत, फक्त आपल्यापेक्षा मोठ्या पातळीवर.

आता आपला हिशोब बघा. वळणापलीकडे गाय बसलीय हे डोळ्याला दिसून बोटांनी ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा. ताशी ३० ला कोरड्या रस्त्यावर सायकल थांबायला सगळं मिळून २० मीटरच्या थोडं वर लागतात. ताशी ५० ला तेच ४५ मीटरपर्यंत जातं. आरे-वारेच्या वळणांवर ४५ मीटर पुढचं दिसतं का ते तुम्हीच सांगा. आणि तिथे पर्यटक गाडी रस्त्यावरच लावून समुद्राचे फोटो काढत उभे असतात, दरवाजा उघडा टाकून.

बरं एवढं करून मिळतं किती? ३ किलोमीटर उतार ३० ऐवजी ५० ने आलात तर अडीच मिनिटंही वाचत नाहीत. तोच ३ किलोमीटरचा चढ १० ऐवजी १२ ने चढलात तर पूर्ण ३ मिनिटं मिळतात. जो खरंच ताकदीचा आहे त्याचं उतार काढल्याने काही जात नाही.

जुनी_ॲटलास :
नमस्कार. माझं सायकलचं दुकान वडिलांपासूनचं, आता मुलगा बघतो, मी दुपारचा बसतो. शर्यतीचं तुम्ही तरुण मंडळी ठरवा, मी ब्रेकचं सांगतो, कारण उताराला शर्यत लावायची की नाही हे बोलण्याआधी तुमची सायकल थांबते का ते बघायला हवं.

आपल्याकडची तांबडी माती म्हणजे जांभ्याची भुकटी. पावसात ती रिमवर चिकटते आणि ब्रेकच्या रबरात रुतते, मग प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की रिम घासली जाते. रबर काढून उजेडात धरा, आत चमकणारे कण दिसतील, तो तुमच्याच रिमचा ॲल्युमिनियम असतो. टोकदार सुईने एकेक कण उकरून काढा, पॉलिश पेपरवर दोन हात मारा, रबर परत मऊ पकडतं. रबरावरच्या खाचा बुजल्या असतील तर उकरत बसू नका, नवीन टाका. रिमच्या बाजूला बारीक खाच किंवा ठिपका असतो, तो दिसेनासा झाला की रिम संपली, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि रिम अंतर्वक्र होईपर्यंत चालवतात, बोट फिरवलं तरी कळतं.

डिस्कवाल्यांनी चकतीला बोट लावू नये. चेनला तेल मारताना फवारा चकतीवर उडतो, मग पॅड तेल पितात आणि ब्रेक ओरडायला लागतो, त्यावर पॅड बदलणं हाच उपाय. चेनला थेंबाथेंबाने तेल द्या, पाच मिनिटं मागे पेडल फिरवा, आणि मग वरचं सगळं फडक्याने पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर राहिलं तर तांबडी माती धरून ठेवतं आणि त्याची पेस्ट चेन खाते.

खाऱ्या हवेचं दुसरं. बाटलीच्या स्टँडचे स्क्रू आधी गंजतात, ते गंजायला लागले की समजायचं सीटचा दांडा आत धरायला लागलाय. लोखंडी फ्रेम आणि ॲल्युमिनियमचा दांडा असेल तर मिठाच्या हवेत दोन धातू एकमेकांना असे पकडतात की नंतर पाईप पाना लावून तिघांनी ओढला तरी हलत नाही, दांडा कापून काढावा लागतो. वर्षातून दोनदा दांडा बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावा, परत घाला. दहा मिनिटांचं काम आहे. फेरीबोटीतून आलात की गोड्या पाण्याची बादली ओता आणि मग कोरडं फडकं मारा. गाड्या धुवायचा प्रेशर पंप हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर मारू नका, पाणी छऱ्यांपर्यंत जातं. आणि पुळणीत, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत सायकल घालायचा मोह सगळ्यांना होतो, भाट्याची असो की गुहागरची, पण ओली वाळू आणि खारं पाणी एकदम चेनमध्ये जातं, मग माझ्याकडे आणून सहा महिन्यांपूर्वीच तर घेतली होती म्हणू नका.

रानवारा :
काका, किती छान सांगितलंत, रिमच्या खाचेचं मलाही आत्ताच कळलं. 🙏

मी रोज पहाटे चालवते, मला रस्त्याबद्दल बोलायचंय. आपल्याकडे धोका फक्त उताराचा नाही, सावलीचा आहे. दोन्ही बाजूंनी आंब्याची कलमं आणि मोठी झाडं, सकाळी आठनंतर रस्त्यावर ऊन-सावलीचे पट्टे पडतात, उन्हातून येणाऱ्या ड्रायव्हरला सावलीतली सायकल दोन क्षण दिसतच नाही. म्हणून मागचा लाल लाईट मी दिवसाही चालू ठेवते, आणि काळी जर्सी तर कपाटातच. दुसरं, जिथे सावली असते तिथे दिवाळीपर्यंत शेवाळ असतं. वरून वाळलेलं दिसतं, दवाने परत निसरडं होतं. मिरकरवाडा बंदराकडून मासळीच्या गाड्या जातात त्यांचं बर्फाचं पाणी रस्त्यावर गळत जातं, तो ओला पट्टा वळणाच्या बरोब्बर आतल्या बाजूला असतो. वळण कापणारा सायकलवाला नेमका त्यावरच येतो.

हायवेला जाणाऱ्यांनीही लक्ष द्या, ६६ नंबरच्या काँक्रीटच्या दोन लेनमधला सांधा जिथे वरखाली आहे तिथे बारीक टायर अडकतो, सांधा ओलांडायचा तर तिरकं नको, थोडं काटकोनात जा. हातखंब्याच्या उताराला तर मी सरळ उतरून कडेने चालत जाते जर मागे टँकर असेल तर, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

आणि सडा_ते_खाडी दादा, एक प्रश्न राहिलाय. गेल्या वर्षी एक मुलगी पडली होती चढ संपल्यावर, तिच्यामागचा मुलगा थांबला, रुमाल बांधला, तिची सायकल कडेला लावली, मग गेला. तो पहिल्या दहातही आला नाही. वर्षभर मला ते खटकतंय. त्याची वेळ त्याला परत मिळायला नको का?

सडा_ते_खाडी :
मिळायलाच हवी ताई. टूर डी फ्रान्समध्ये २०२२ ला अठराव्या टप्प्यावर स्पांडेलचा घाट उतरताना पोगाचर कडेच्या खडीवर घसरून पडला, त्याचा प्रतिस्पर्धी विंगेगार्डकडे पिवळी जर्सी होती, म्हणजे एकूण वेळेत तो पहिला होता, तो सरळ निघून जाऊ शकला असता, कुठल्याही नियमात बसलं असतं. तो हळू झाला, पोगाचर आला, दोघांनी हात मिळवला आणि मग पुढे झुंज लागली, आणि तो टप्पाही विंगेगार्डनेच जिंकला. तिथे करोडोंचा मामला असून थांबता येतं. आपल्याकडे जो कुणी जखमीसाठी थांबेल त्याचा तो चढ बाद धरून बाकीच्या चढांच्या सरासरीने त्याची वेळ लावू. आणि पडलेल्याला ओलांडून न विचारता पुढे गेला तर राईडमधून बाहेर, यावर चर्चा नको.

देवबागचो :
दादानू, मी मालवणसून वाचतंय. आमच्याकडे आचरा ते मालवण रस्त्यार सांजच्या वेळाक गुरां रस्त्यातच बसलेली असतत, डांबर गरम असता म्हणान. ती तुमच्या हॉर्नाक उठणत नाय आणि शर्यत काय ता त्यांका म्हायत नाय. सकाळी लवकर सोडा राईड, सात वाजेपर्यंत लोकांका उताराच्या पार करा. आणि गावच्या सरपंचाक आधी सांगा, वाटेतल्या वाडीतली पोरां वळणार उभी रवतली, माणसां चांगली असतत, विचारूक होया फक्त.

पुण्याहून_कोकणात :
पोगाचरचं उदाहरण पटलं. तरी एक खरी अडचण मांडतो. माझं वजन ८८ किलो आहे. फक्त चढ मोजलेत तर ५५ किलोचा पोरगा दर वेळी जिंकणार, माझ्यासारख्याने भाग घ्यायचा कशाला? उतारावर आणि सपाटीवर जड माणसाला थोडं मिळतं, ते तुम्ही काढून घेताय.

तिठा :
हा मुद्दा रास्त आहे भाऊ. मग सड्यावरचा सरळ पट्टा पण मोजूया ना. वर चढल्यावर जिथे दोन्ही बाजूंना कातळ आणि गवत, लांबपर्यंत समोरचं दिसतं, वस्ती नाही, फाटा नाही, असा दीड-दोन किलोमीटरचा तुकडा निवडायचा. तिथे ताकद असलेला जड माणूस पुढे जाईल. वाऱ्याविरुद्ध तर जाईलच.

पण एक सांगतो, जे काही ठरेल ते आधी लिहून, सगळ्यांना वाचून दाखवून. इटलीच्या जिरो शर्यतीत २०१४ ला काय झालं आठवा, स्टेल्व्हिओ घाटावर बर्फ पडत होता, उतारावर पुढे लाल झेंड्याची मोटरसायकल राहील असं रेडिओवर सांगितलं, काही टीमना वाटलं शर्यत थांबलीय, ते जाकिटं घालत बसले, क्विंताना हा रायडर पुढे निघून गेला आणि त्या दिवशी एकूण वेळेत पहिल्या असणाऱ्याची गुलाबी जर्सी उरानकडून त्याच्याकडे आली. आयोजकांनी वेळ बदलली नाही, शेवटी जिरोही तोच जिंकला. आजही त्यावर वाद होतात. त्याने फसवलं की इतरांना नीट कळलं नाही, दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि याचं कारण एकच, मोजणी कुठे थांबते ते कुणी स्पष्ट लिहिलं नव्हतं.

नवीन_पेडल :
मी नवीन आहे, प्रश्न साधे आहेत. माझ्याकडे बिनगिअरची सायकल आहे, चालेल का? आणि भावाची इलेक्ट्रिक सायकल आणली तर? टायर कुठला?

जुनी_ॲटलास :
बिनगिअरची चालेल बाळा, चढावर उतरून ढकल, कुणी हसणार नाही. दोन्ही ब्रेक आणि हेल्मेट मात्र पाहिजेच. आमच्या वेळी याच रस्त्याने दूधवाले दोन्ही हँडलला बरण्या लावून यायचे. टायर २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, ३२ असेल तर उत्तम, आणि हवा दगडासारखी भरू नको, तुझं वजन ७० च्या आसपास असेल तर ३२ च्या टायरला ६०-६५ पीएसआय खूप झाली. फार घट्ट टायर खडीवर उड्या मारतो आणि वळणात सुटतो. एक जास्तीची ट्यूब, पंक्चरचं सामान आणि हातपंप जवळ ठेव, नेवरे सोडल्यावर गिअरच्या सायकलचं काही मिळेल या भरवशावर राहू नको.

रानवारा :
इलेक्ट्रिक सायकल घेऊन जरूर ये, पण वेळ लागणार नाही, सोबत म्हणून ये. आधी सांगितलं तर त्यात काहीच वाईट नाही. लपवलं तर वाईट. २०१६ ला सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे चिखलामातीतल्या सायकल शर्यतीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये बेल्जियमच्या एका तरुण रायडरसाठी ठेवलेल्या सायकलीत मोटर सापडली, तिला ६ वर्षांची बंदी आली आणि करिअर तिथेच संपलं. आपल्या राईडला नियम एवढा कडक नसेल पण माणसं तीच आहेत, चढावर कोण कसं श्वास घेतंय ते शेजारच्याला कळतंच.

सडा_ते_खाडी :
आतापर्यंतच्या बोलण्यातून कच्चं असं ठरतंय. वेळ मोजायची ती चढांची आणि सड्यावरच्या एका सरळ पट्ट्याची. प्रत्येक चढाच्या पायथ्याला एक आणि माथ्याला एक माणूस, दोघांच्या मोबाईलची घड्याळं नेटवर्कच्या वेळेवर, नंबर आणि वेळ वहीत लिहायची, संध्याकाळी बेरीज. वेगळी मशीन लागत नाही. उतार संपला की पुलाच्या अलीकडे थांबायचं, पाय जमिनीला लावायचा, पाणी प्यायचं, मागचा आल्याशिवाय पुढचा सुटणार नाही, म्हणजे वरून सुसाट येऊन उपयोगच नाही. उतारावर ओव्हरटेक केलं तर सगळी वेळ रद्द. पांढरी रेषा ओलांडून उजवीकडे गेला तरी तेच. पोलिस स्टेशनला अर्ज मी देतोय, वाटेतल्या ग्रामपंचायतींना भेटायला कोण येतंय ते सांगा.

ज्यांना स्ट्राव्हा या राईड नोंदवायच्या ॲपवर उताराच्या सेगमेंटवर, म्हणजे रस्त्याच्या ठरलेल्या तुकड्यावर नंबर लावायची हौस आहे त्यांना एक विनंती, तिथे तो सेगमेंट धोकादायक म्हणून नोंदवता येतो, मग त्याचा लीडरबोर्ड दिसत नाही. वारेचा उतार मी नोंदवतोय. पुण्याहून_कोकणात भाऊ, राग मानू नका.

पुण्याहून_कोकणात :
राग नाही. सड्यावरचा पट्टा मोजताय तर मी येतोय. पण मला अजूनही वाटतं की उतरायचं शिकवलं पाहिजे, नुसतं घड्याळ बंद करून लोक नीट उतरायला लागणार नाहीत. आदल्या दिवशी दुपारी मी एक तास देतो, रिकाम्या मैदानात बाटल्या ठेवून वळणं करू. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही, पुढचा-मागचा दोन्ही, वाळू दिसली तर पुढचा हलका, बाहेरचं पेडल खाली. गिअरवाले बिनगिअरवाले सगळे या.

रानवारा :
हे फार चांगलं होईल. बायकांसाठी वेगळी तुकडी नको, सगळ्यांबरोबरच ठेवा. ग्रामपंचायतींना मी येते तुमच्यासोबत, नेवऱ्याला माझी आत्या आहे.

जुनी_ॲटलास :
राईडच्या आधीच्या रविवारी सकाळी ८ ते ११ दुकान ब्रेक तपासायला उघडं ठेवतो, तपासणीचे पैसे नाहीत, रबर लागले तर रबराचे द्यायचे. सायकल धुऊन आणा, मातीच्या सायकलचा ब्रेक कळत नाही. येणाऱ्यांनी इथे नाव टाका म्हणजे किती जोड्या मागवायच्या ते मुलाला सांगतो.

नवीन_पेडल :
काका माझं पहिलं नाव लिहा. पुढचा-मागचा दोन्ही.